पोर्ट त्याचा, भुर्दंड आपला

कोल्हापुरात महाद्वार रोडवरून पाट्या वाचत चाललं की एक गोष्ट लक्षात येते. दुकानाचा रंग बदललेला असतो, माल बदललेला असतो, साड्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकू लागलेली असतात, मालकाच्या नावाआधी 'कै.' लागून खाली 'आणि सन्स' आलेलं असतं. पण पाटीच्या कोपऱ्यातला 'मोबा.' म्हणून रंगवलेला दहा आकडी नंबर मात्र तोच असतो. हाच नंबर टेम्पोच्या मागच्या फळीवर, लग्नपत्रिकेच्या तळाशी, डेअरीच्या वहीत आणि ऊसतोडीच्या मुकादमाच्या डायरीत जाऊन बसलेला असतो. शाहूपुरीतला गुळाचा व्यापारी एक वेळ गाळा बदलेल, पण नंबर बदलणार नाही. कारण गाळा कुठं गेला हे गिऱ्हाईक विचारत विचारत शोधतं, नंबर गेला तर विचारायचं कुणाला? म्हणून माणसं नंबर धरून ठेवतात आणि त्याच्यामागची कंपनी बदलतात. याला सोय म्हणतात आणि ती सोय आहेच. माझा मुद्दा त्या सोयीच्या बिलाचा आहे. कंपनी बदलली एकानं, आणि त्यामुळं पडणारा फरक कित्येक वर्षं भरला दुसऱ्यानं, तोही आपण का भरतोय याचा पत्ता नसताना.

एक काळ असा होता की नंबराचे पहिले चार आकडे ऐकले की समोरच्याचं घराणं कळायचं. आपल्या भागात ९८२२ म्हणजे आयडिया, ९८२३ म्हणजे आधी बीपीएल, मग हच, मग व्होडाफोन, ९८९० म्हणजे एअरटेल आणि ९४२२ म्हणजे सरकारी बीएसएनएल. हे आकडे म्हणजे नंबराचं आडनावच होतं, आणि आडनाव विचारण्यामागं आपल्याकडं जो व्यावहारिक हेतू असतो तोच इथंही होता: सोयरीक जुळते का ते बघणं. 'कुठलं कार्ड हाय?' या प्रश्नाला आपल्याच कंपनीचं उत्तर आलं की मिनिटाचा दर झपकन खाली यायचा आणि बोलणं 'बाकी काय विशेष?' इथपर्यंत निवांत पोचायचं. दुसऱ्या कंपनीचं नाव निघालं की 'हां, बोल पटकन' असं म्हणून निरोप तारेच्या भाषेत उरकला जायचा. कॉलेजात अख्खी टोळी एकाच कंपनीचं कार्ड घ्यायची. मैत्री टिकण्याचं ते एक सबळ आर्थिक कारण होतं. दोन सिमांचा फोन या देशात एवढा खपला तो माणसाला दोन आयुष्यं जगायची होती म्हणून नव्हे, तर एका घराण्याशी बोलायला एक आणि दुसऱ्याशी बोलायला दुसरं कार्ड लागायचं म्हणून. हा सगळा व्यवहार एका गृहीतावर उभा होता: आकडे बघून दर कळतो. फोन करणाऱ्याला डायल करण्याआधी भाव माहीत असायचा.

भाव ठरवणारी दुसरी गोष्ट होती सर्कल. दूरसंचार खात्यानं देशाचे जे तुकडे पाडले त्यात महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे आणि मुंबई नाही. मुंबईचं सर्कल स्वतंत्र. गोव्यानं १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात यायला स्वच्छ नकार दिला होता आणि 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हणत मराठी माणसानं १९६० साली मुंबई मिळवली होती. दूरसंचार खात्यानं हे दोन्ही निकाल बाजूला ठेवून आपला वेगळाच निकाल लावला. सीमाभागाच्या बाबतीत मात्र खात्यानं १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना तंतोतंत पाळली. त्यामुळं कोल्हापूरहून पणजीला लावलेला फोन लोकल, पार गडचिरोलीला लावलेला फोन लोकल, आणि चाळीस किलोमीटरवरच्या निपाणीला लावलेला फोन एसटीडी. कोल्हापुरातली लेक निपाणीत दिलेली असेल तर 'पोचलीस का?' हे विचारायला जो दर पडायचा, तोच थेट दिल्लीला पडायचा. कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की फोन कर्नाटकात तुमचं स्वागत करायचा, आणि नदीच्या अलीकडं उभं असतानाही पलीकडच्या टॉवरला तुमची ओढ लागली तर स्वागत आधीच व्हायचं. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. रोमिंगचा निकाल मात्र पुलापलीकडच्या कोगनोळीला दर मिनिटाला लागत होता. तरीही एवढं मान्य करायला हवं की या सगळ्या तऱ्हेवाईकपणात एक प्रामाणिकपणा होता. अन्याय होता, पण तो आकड्यांत दिसत होता. ०८३३८ डायल करताना माणसाला ठाऊक असायचं की आपण आता राज्याबाहेर पैसे पाठवतोय.

मग पोर्टेबिलिटी आली. २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात तिचा नारळ फुटला आणि २० जानेवारी २०११ पासून ती देशभर लागू झाली. १९०० वर 'पोर्ट' आणि आपला नंबर असा संदेश पाठवायचा, उलट आठ अक्षरी कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीच्या दारात जायचं आणि जास्तीत जास्त १९ रुपये द्यायचे. हे शुल्क पुढं घटत २०१९ साली ६ रुपये ४६ पैशांवर आलं. ज्या कंपनीनं वर्षानुवर्षं 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' एवढं यंत्राकडून ऐकवलं, तिची जिवंत माणसं हा संदेश गेल्यावर प्रेमानं चौकशी करू लागतात, काय चुकलं ते विचारतात आणि एरवी कुठल्याच पत्रकात न छापलेली एक योजना हळूच पुढं करतात. इतकी की खास जाणाऱ्यासाठी राखलेल्या अशा सवलती दूरसंचार नियामकाला मनाई करून थांबवाव्या लागल्या. सुरुवातीला ही बदली सर्कलच्या आतच होती. ३ जुलै २०१५ पासून नंबर घेऊन कुठल्याही राज्यात जाता येऊ लागलं. मध्येच काही कंपन्यांनी दुकानं बंद केली. डिसेंबर २०१७ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सची कॉल सेवा थांबली, २०१८ च्या सुरुवातीला एअरसेल गेली, आणि लाखो लोकांना मनात नसताना पोर्ट व्हावं लागलं. ३१ ऑगस्ट २०१८ ला तर ९८२२ आणि ९८२३ ही दोन हाडवैरी घराणी एक झाली. २०२४ पर्यंत देशातल्या पोर्टिंगच्या विनंत्यांनी १०० कोटींचा आकडा ओलांडला. आडनाव कागदोपत्री तेच राहिलं, माणूस मात्र कुठल्या घरात जेवतो हे कुणालाच सांगता येईना.

कुणालाच म्हणजे फोन करणाऱ्याला. यंत्राला सगळं माहीत असतं. आपण नंबर फिरवला की आपली कंपनी आकड्यांवर विश्वास ठेवत नाही. ती आधी एका डेटाबेसला विचारते की हा नंबर सध्या कुणाकडं नांदतो. तिथून चार आकडी उत्तर येतं, त्या उत्तरावरून कॉल कुठल्या कंपनीच्या कुठल्या सर्कलकडं वळवायचा ते ठरतं आणि मग पलीकडं घंटी वाजते. सगळा प्रकार डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतो. भारतात यासाठी जी पद्धत निवडली तिच्यात जुन्या कंपनीचा काही संबंधच राहत नाही. कॉल तिच्या दारावरून जातसुद्धा नाही. तांत्रिकदृष्ट्या ही व्यवस्था सुबक आहे आणि तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण नीट पाहा: प्रत्येक कॉलच्या आधी एक प्रश्न विचारला जातो, त्याचं उत्तर मिळतं, त्या उत्तरावरून तुमचा दर ठरतो, आणि ते उत्तर जगात फक्त एका माणसाला सांगितलं जात नाही. तो माणूस म्हणजे बिल भरणारा. शाहू मार्केट यार्डात अडत्यानं गुळाचा भाव रुमालाखाली ठरवला तरी निदान ज्याचा माल आणि ज्याचे पैसे त्या दोघांची बोटं तरी रुमालाखाली असतात. इथं गिऱ्हाइकाचा हात रुमालाबाहेर, आणि खिसा मात्र आत.

आता कुणी म्हणेल, दूरसंचार हा असाच किचकट धंदा, त्यात न्यायबिय कुठून आणायचा? पण गंमत अशी की या धंद्यानं न्यायाचा एक चांगला नियम स्वतःच करून ठेवला होता, आणि तो अगदी चौकातल्या माणसालाही पटेल असा आहे: जो हलला त्यानं भरावं. १ मे २००३ ला, म्हणजे नेमक्या महाराष्ट्र दिनी, इनकमिंग फुकट झालं आणि फोन करणाऱ्यानं पैसे द्यायचे असं ठरलं. पण त्याला एक अपवाद होता, तो रोमिंगचा. तुम्ही निपाणीला गेलात आणि तुम्हाला कोल्हापूरहून फोन आला, तर फोन करणारा लोकलचेच पैसे देणार. पुढचा खर्च तुमचा. कारण तुम्ही निपाणीत आहात हे त्याला कसं कळणार? मे २०१५ पासून रोमिंगमधल्या इनकमिंगची कमाल मर्यादा मिनिटाला ४५ पैसे होती, त्याआधी ७५. कॉल फॉरवर्डचंही तेच. आपला फोन तुम्ही दुसऱ्या नंबरावर वळवलात, तर मूळ नंबरापर्यंतचे पैसे करणाऱ्याचे आणि तिथून पुढचे वळवणाऱ्याचे. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे: ज्याला माहिती आहे आणि ज्यानं निर्णय घेतला, खर्च त्याच्या माथी. मग पोर्टिंगच्या वेळी हे तत्त्व कुठं गेलं? कोल्हापूरचा मुलगा बंगळुरूला नोकरीला लागला. जुना नंबर तसाच ठेवला तोवर आईचा फोन लोकल होता आणि रोमिंगचे ४५ पैसे मुलगा भरत होता. २०१५ च्या जुलैनंतर त्यानं नंबर कर्नाटकात पोर्ट केला. मुलाचं रोमिंग संपलं. आईचा फोन त्याच दहा आकड्यांवर, त्याच वेळेला, त्याच 'जेवलास का?' साठी, पण आता एसटीडी. मुलानं एक पैसाही मागितला नाही आणि आईनं एक अक्षरही ऐकलं नाही. खर्च मात्र बिनबोभाट गाडी बदलल्यासारखा एका खात्यातून उतरून दुसऱ्या खात्यात चढला.

या तत्त्वभंगाचा कळस झाला १० ऑक्टोबर २०१९ रोजी. फोन एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडं गेला की पहिलीनं दुसरीला मिनिटामागं काही पैसे द्यायचे, कारण टॉवर दुसरीचाही राबला, असा जुना नियम होता. हा दर २००९ साली २० पैसे होता, २०१५ ला १४ झाला आणि ऑक्टोबर २०१७ ला ६. सप्टेंबर २०१६ मध्ये 'बोलणं आयुष्यभर फुकट' म्हणत आलेल्या जिओनं सांगितलं की तीन वर्षांत असे सुमारे १३,५०० कोटी रुपये आम्ही इतरांना दिले, आता हे ६ पैसे गिऱ्हाइकानं द्यावेत. जिओहून जिओला फुकट, जिओहून दुसरीकडं मिनिटाला ६ पैसे. ज्या देशात २५ पैशांचं नाणंही ३० जून २०११ पासून चलनातून गेलं, तिथं ६ पैशांचा दर! त्यासाठी १० रुपयांचं टॉप-अप निघालं. त्याची फोड फार बोधप्रद आहे. १० रुपयांतून १८ टक्के जीएसटीचे १ रुपया ५३ पैसे गेले, रिचार्ज करून घेतल्याबद्दलचा एक रुपया गेला, उरले ७ रुपये ४७ पैसे. त्यात मिळाली १२४ मिनिटं, म्हणजे ७ रुपये ४४ पैशांचं बोलणं. तीन पैसे शिल्लक. त्या तीन पैशांत अर्धं मिनिट बोलता येतं, पण अर्ध्या मिनिटात कोल्हापुरी माणसाचा 'काय म्हंतुयास' सुद्धा पुरा होत नाही, म्हणून ते सोडून देऊ. खरा प्रश्न पुढं आहे. समोरचा नंबर ९८२२ चा. म्हणजे पैसे पडणार? तो माणूस गेल्या दिवाळीतच पोर्ट होऊन जिओत आला असेल तर नाही पडणार. समोरचा नंबर जिओच्याच मालिकेतला, म्हणजे फुकट? तो माणूस कंटाळून एअरटेलला गेला असेल तर ६ पैसे. दर ठरत होता आकड्यांमागच्या घरावरून, आणि ते घर तुम्हाला दिसत नव्हतं.

या भांडणात कंपन्यांनी एकमेकींवर जे आरोप केले ते वाचले की वाटतं, विनोदी लेखकांनी आता दुसरा धंदा बघावा. जिओचं म्हणणं असं की इतर कंपन्यांचे दर महाग असल्यानं त्यांची गिऱ्हाइकं आमच्याकडं दिवसाला २५ ते ३० कोटी मिस्ड कॉल देतात, आमची माणसं उलट फोन करतात आणि पैसे आम्हाला पडतात. इतरांचं म्हणणं असं की जिओनं आपल्याकडची घंटी २० सेकंदांवर आणली, म्हणजे उचलायच्या आत ती बंद पडावी आणि समोरच्यानं उलट फोन करावा. मग त्यांनीही आपली घंटी छाटली. देशातल्या सर्वांत मोठ्या कंपन्या, हजारो कोटींची उलाढाल, आणि सगळं भांडण कुणाची घंटी किती सेकंद वाजली यावर! अखेर १ नोव्हेंबर २०१९ ला नियामकानं आदेश काढला: मोबाइलची घंटी ३० सेकंद, लँडलाइनची ६०. मिस्ड कॉल ही एका वाजवण्यात 'आलो', दोन वाजवण्यांत 'खाली ये' आणि तीन वाजवण्यांत 'दूध घेऊन ये' असं सांगणारी आपली फुकटातली तारयंत्रणा. तिच्यामुळं ताळेबंद हलतात हे तेव्हा देशाला कळलं. पण या सगळ्या युक्तिवादात एक पक्षकार गैरहजर होता. दोन कंपन्यांचा हिशोब कुणाच्या बाजूला झुकला याची सुनावणी झाली. ज्याला न दिसणाऱ्या कारणासाठी ६ पैसे पडत होते त्याची झाली नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो ठरलेला: अहो, ६ पैशांचं काय घेऊन बसलात? तर दिवसाला पन्नास फोन करणारा एखादा अडत्या घ्या. फोन दोन मिनिटांचा धरा, म्हणजे शंभर मिनिटं, सहा रुपये. महिन्याला १८० रुपये, वर पुन्हा जीएसटी. यातले किती फोन खरोखर दुसऱ्या कंपनीला गेले आणि किती पोर्ट झालेल्यांना, हे त्याला कधीच पडताळता येणार नाही. ६ पैसे क्षुल्लक असतील तर ते १३,५०० कोटी होऊन कंपनीला कसे काय बोचले? ज्या रकमेपायी कंपनी वचन मोडते, ती गिऱ्हाइकानं मात्र मोठ्या मनानं सोडावी, हा व्यवहार आमच्या गुजरीत चालत नाही. तिथं सोन्याचा गुंजभर कस कमी निघाला तरी भांडण होतं आणि व्हायलाच हवं. दुसरा आक्षेप: समोरच्याला विचारा की, कुठल्या कंपनीत आहेस म्हणून. विचारायला फोन करावा लागतो. म्हणजे दर कळायच्या आधी दर सुरू. वहीत लिहून ठेवावं म्हटलं तर तो माणूस पुढच्या ९० दिवसांनी पुन्हा पोर्ट व्हायला मोकळा. दर आधी कळवणं अशक्य होतं असंही नाही. पोर्तुगालमध्ये पोर्ट झालेल्या नंबराला फोन लावला की घंटी वाजायच्या आधी तशी सूचना ऐकवायची पद्धत नियामकानं घालून दिली. नको असेल त्यानं ती बंद करून घ्यावी. आपल्याकडं 'तुम्ही डायल केलेला नंबर व्यस्त आहे' हे तीन भाषांत सांगायला वेळ होता, कोरोनाच्या काळात खोकून दाखवायला वेळ होता. 'हा कॉल तुम्हाला ६ पैसे मिनिट पडेल' एवढं सांगायला मात्र सवड झाली नाही.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे आणि त्याला हसून टाळता येत नाही. 'जो हलला त्यानं भरावं' हे तत्त्व पोर्टिंगला लावलं, तर पोर्ट झालेल्या माणसाला त्याला येणाऱ्या प्रत्येक फोनचा फरक भरावा लागेल. मग पोर्ट होईल कोण? आणि कुणी होणारच नसेल तर कंपन्यांना धाक कसला? पोर्टेबिलिटी आणली ती गिऱ्हाइकाच्या हातात निदान एक काठी असावी म्हणून. ती उगारणाऱ्यालाच दंड लावायचा हे बरं नव्हे. हे शंभर टक्के मान्य. पण मग यातून निघतं काय? हललेल्यावर खर्च टाकता येत नाही कारण स्पर्धा मरते, फोन करणाऱ्यावर टाकता येत नाही कारण त्याला दिसत नाही. दोघांवरही टाकता येत नसेल तर तो फरकच ठेवायला नको होता. ज्या दिवशी नंबर कंपनीपासून सुटा झाला, त्याच दिवशी कंपनीगणिक वेगळा दर ही कल्पना निकालात निघायला हवी होती. देशभर पोर्टिंग सुरू झालं २०११ ला आणि सर्कलपार २०१५ ला. कंपन्यांनी एकमेकींना द्यायचा दर शून्यावर यायचा होता १ जानेवारी २०२० ला. तो लांबणीवर पडून आला १ जानेवारी २०२१ ला. मधली दहा वर्षं आपण घर बदललेल्या माणसाला जुन्या पत्त्यावर शोधत होतो आणि दंड पोस्टमनकडून वसूल करत होतो.

मग आता तर सगळं फुकट आहे, जुनी मढी कशाला उकरता, असा शेवटचा सवाल राहतो. फुकट कुठलं? दर फोनमागचा आकडा गेला आणि त्याच्या जागी पॅक आलं. २०१८ च्या अखेरीस ३५ रुपयांचं किमान रिचार्ज सक्तीचं झालं, तेव्हा २००३ च्या महाराष्ट्र दिनी मिळालेलं फुकट इनकमिंग गुपचूप परत गेलं. आता फोन घ्यायलाही रिचार्ज लागतो आणि मिस्ड कॉल द्यायलाही. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर अमर्याद बोलण्याचं २८ दिवसांचं पॅक जिओचं १८९ रुपयांपासून आणि एअरटेल, व्हीआयचं १९९ पासून सुरू झालं. आणि महिना २८ दिवसांचा! वर्षाला तेरा रिचार्ज. पंचांगात अधिक मास तीन वर्षांतून एकदा येतो, रिचार्जमध्ये दर वर्षी. फक्त त्यात जावयाला वाण मिळत नाही. ३० दिवसांचं निदान एक पॅक ठेवा हे सांगायलाही २०२२ च्या जानेवारीत नियामकाला आदेश काढावा लागला. दोष त्याच जातीचा आहे. चंदगडच्या एखाद्या वाडीतली आजी, बटणांचा फोन, आठवड्याला मुंबईच्या लेकाचा एक फोन. ती इंटरनेटचे पैसे देते आणि ते कधी उघडत नाही. पूर्वी न दिसणाऱ्या कंपनीचे पैसे पडायचे, आता न वापरलेल्या डेटाचे पडतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, आणि ते फोनपुरतं आहे असंही नाही. ज्या गोष्टीचे पैसे घ्यायचे ती गोष्ट देणाऱ्याला आधी दिसली पाहिजे. दाखवता येत नसेल तर तिचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून कंपनीनं सोसावा आणि दर सरसकट लावावा. पोर्ट झालेल्या नंबरांच्या बाबतीत हे शहाणपण यायला एक दशक लागलं, आणि तेही कंपन्यांच्या आपसातल्या भांडणातून आलं, गिऱ्हाइकाच्या कळकळीतून नव्हे. पॅकच्या बाबतीत एक पाऊल पडलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नियामकानं फक्त बोलणं आणि एसएमएस असलेली, डेटा नसलेली पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. पाठोपाठ अशी ८४ दिवसांची आणि वर्षभराच्या आसपासची पॅक आलीही. ती दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत चिकटवलेली क्वचितच दिसतील. घरात कुणाचा बटणांचा फोन असेल तर पुढच्या वेळी रिचार्ज मारायला जाताना दुकानदाराला नाव घेऊन विचारा: 'डेटा नसलेलं पॅक दाखव.' तो 'तसलं काय नसतंय ओ' म्हणाला तर हलू नका, पुन्हा विचारा. असतंय.